कडेपाशी पुसलेल्या गोष्टी

हेडफोनमधला आवाज वाक्याच्या मध्येच तुटला... आणि तोच आवाज दारातून आला.

“पोस्ट ऑफिस कुठे आलं हो?”

मल्हारीने हेडफोन उतरवला. “तुम्ही – अपूर्वा का?”

ती दचकली. त्याने घाईघाईने खुलासा केला. इंदिरानगरातलं हे अंधांसाठीचं वाचनालय. सोळा वर्षांपूर्वी तिने कॉलेजात असताना वाचून रेकॉर्ड केलेल्या बारा गोष्टींच्या, तिचं नाव असलेल्या सीडी इथे आल्या होत्या, आणि तो त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत होता.

“वाजतात अजून? कंपन्या तर शंभर वर्षं म्हणायच्या.”

“आपल्या उन्हाळ्यात पंधरा टिकल्या तरी पुष्कळ.” त्याने सीडी खिडकीशी धरली. भिंतीवर सात रंग थरथरले; कडेला मात्र विटकरी डाग होता. “सीडी मध्यापासून कडेकडे लिहिली जाते. खराब बहुतेक कडेपासून होते. म्हणून सुरुवाती राहिल्यात... शेवट गेलेत.”

“तो नावाडी घरी पोचला का, तेवढं सांग बेटा,” कोपऱ्यातून कादरचाचा म्हणाले. दिसत नसलं तरी ते देवळाली कॅम्पहून रोज बसने ऐकायला येत. “महिनाभर पाण्यातच आहे बिचारा.”

ती हसली. ती पुस्तकं अजून तिच्या घरी होती. त्या शनिवारपासून ती हरवलेले शेवट वाचायला येऊ लागली.

“तुम्ही माझ्याकडे बघतच नाही,” ती एकदा म्हणाली.

“आवाजाची रेषा बघतो... स्क्रीनवर.”

“पण मी अजून वाचायला लागलेच नाहीये.”

त्याचे कान लाल झाले. दुपारचं ऊन तिच्या पानावर हलत राही, आणि प्रत्येक शनिवारी एक सीडी कमी होई. बाराव्या सीडीनंतर ती कशाला येईल?

बारावी सीडी निघाली. “हिचाही शेवट गेलाय,” तो खाली बघत म्हणाला.

“गेला कुठे?” चाचा म्हणाले. “काल तर पूर्ण ऐकली मी. त्या बाईने दिवा लावला, गोष्ट संपली.”

मल्हारीने हातातली सीडी टेबलावर ठेवली.

“वाजते ती,” मल्हारी हळूच म्हणाला. “आधीच्या दोनही वाजत होत्या.”

“मग मला का वाचायला लावलं?”

“सीडी संपल्या की तुम्ही... शनिवारी कुठे असाल, ते मला ठाऊक नव्हतं.”

तिने पुस्तक मिटलं. सीडी उचलून उन्हात धरली. रंग त्याच्या शर्टावर उतरले.

“ही किती टिकेल?”

“सांगता येत नाही. दर दोन वर्षांनी तपासावी लागेल.”

“दोन वर्षं फार होतात,” ती म्हणाली. “दर शनिवारी तपासू.”

“चाचा ऐकतायत...”

“चाचांना सगळं आधीच कळलंय.”

“मला दिसत नाही,” चाचा म्हणाले, “एवढीच तुमची सोय.”

तिने खुर्ची त्याच्या खुर्चीला लावली. हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाशी धरली, दुसरी त्याच्या. आणि सोळा वर्षांपूर्वीची ती मुलगी, पहिल्या ओळीपासून, दोघांना गोष्ट वाचून दाखवू लागली.