विषारी प्यादं

कवळीवाल्याच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टींना कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. एक फळीवरचे प्लास्टरचे जबडे, आणि दुसरा खिडकीजवळचा बुद्धिबळाचा पट. अख्ख्या गल्लीने माझ्यापुढे तोंड उघडलंय, असं तो हसत सांगे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. ज्याची कवळी केली, दात बसवला, त्याच्या जबड्याचा ठसा त्या फळीवर असे. मेहुण्याचाही होता. पुढच्या दोन दातांत काडेपेटीची काडी सहज जाईल एवढी फट. ती बुजवून घे म्हणून त्याच्या बहिणीने, म्हणजे कवळीवाल्याच्या बायकोने, मागे लागून ठसा घ्यायला लावला होता, आणि पठ्ठ्या ऐनवेळी पळाला होता.

त्या आठवड्यात पटावर एकच डाव मांडलेला होता. रविवारी क्लबची अंतिम लढत, आणि समोर मास्तर. मास्तरांना आजवर त्याने एकदाही हरवलं नव्हतं. पांढरी मोहरी घेतली की मास्तर नेहमी तोच हल्ला चढवत आणि सिसिलियन बचाव खेळणाऱ्या काळ्याला एका वळणावर आणून सोडत. काळ्याचा वजीर पुढे सरसावलेला, समोर पांढऱ्याचं एकटंदुकटं, राखण नसलेलं प्यादं. खावं, तर वजीर आत अडकून पडायचा. न खावं, तर मास्तर सावकाश गळा आवळणार. खेळणारे त्याला विषारी प्यादं म्हणतात ते काही उगाच नाही. कवळीवाल्याचं काही ठरता ठरत नव्हतं.

एके सकाळी त्याने कुलूप उघडलं, तर काळ्या वजिराने प्यादं खाल्लेलं होतं. वजीर प्याद्याच्या घरात उभा, आणि प्यादं पटाबाहेर आडवं.

दुसरी किल्ली मेहुण्याकडे असे. पोरगा याच दुकानात काम शिकला, त्यांच्याच घरी राहायचा. आईवडिलांमागे बहिणीनेच त्याला वाढवलं होतं. पण बुद्धिबळ शिकला होता तो मास्तरांकडून, आणि अजून त्यांच्याकडे चहाला जाऊन बसायचा. कवळीवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मोहरी जागेवर ठेवून तो कामाला लागला.

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि मग मात्र त्याचा पारा चढला. मला खड्ड्यात घालायला मास्तरांनी पढवलंय ना तुला, असं तो भर जेवणाच्या टेबलावर बोलून गेला. मेहुणा आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. शब्दाने शब्द वाढला. शेवटी मेहुण्याने किल्ली मिठाच्या भांड्याशेजारी ठेवली आणि बॅग उचलून मित्राकडे निघून गेला.

बायको एवढंच म्हणाली, "तुमची चूक निघाली, तर स्वतः जाऊन आणायचं त्याला. नाहीतर मीही राहणार नाही इथे."

त्याने कुलूप बदललं.

सकाळी वजीर पुन्हा प्याद्याच्या घरात. प्यादं मात्र कुठे दिसेना. त्याने टेबलाखाली पाहिलं, प्लास्टरच्या पोत्यामागे पाहिलं. शेवटी ते फळीवर सापडलं, एका काचेच्या ग्लासाला टेकून. ग्लासात पाण्यात मास्तरांची कवळी होती, दुरुस्तीला आलेली. प्यादं ओलं होतं. पुसताना अंगठ्याला काहीतरी खरखरलं.

लाकडावर दात उमटले होते.

दात हा तर त्याचा धंदा. त्याने मेणावर व्रण उतरवून घेतले आणि भिंगाखाली धरले. आधी मेहुण्याचा ठसा लावून पाहिला. जुळेना, व्रणांत फट कुठेच नव्हती. त्याला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ स्वतःची भयंकर लाज वाटली. मग, काही कारण नसताना, त्याने ग्लासातली कवळी उचलली.

डावा सुळा किंचित तिरका. दात खरे वाटावेत म्हणून त्याने स्वतःच तो तसा बसवला होता.

प्यादं त्या दातांत बरोब्बर बसलं.

त्याने कवळी घाईघाईने पाण्यात टाकली आणि मास्तरांना फोन लावला. काम झालंय, आजच घेऊन जा, म्हणाला. पलीकडून बोळक्या तोंडाचा आवाज आला, "राहू दे की रविवारपर्यंत. मला कुठे घाई आहे?"

दुपारी तो मेहुण्याच्या मित्राच्या दारात जाऊन उभा राहिला. "चुकलो मी. चल घरी." मेहुणा चपला घालून निघाला. वाटभर त्याने ओठ उघडले नाहीत, नुसती मान हलवत राहिला. राग अजून गेला नसेल, गप्प राहिलेलं बरं, असं कवळीवाल्याने मनाशी म्हटलं.

बायकोचा चेहरा खुलला. ती चहा करायला गेली, आणि हे दोघं घराला लागून असलेल्या वर्कशॉपमध्ये पूर्वीसारखे पटावर बसले. मेहुण्याने पांढरी घेतली. हात लावला की चालवायचं, हा त्यांचा जुना नियम. चाली भराभर झाल्या आणि डाव त्याच वळणावर आला. कवळीवाल्याचं आता ठरलं होतं. खायचं नाही, वजीर मागे घ्यायचा. त्याने वजिरावर बोट ठेवलं.

"खा ना, दाजी," मेहुणा म्हणाला, आणि हसला.

दातांत फट नव्हती.

डावा सुळा किंचित तिरका होता.

कवळीवाल्याने फळीकडे पाहिलं. ग्लासातलं पाणी अजून हलत होतं. त्यात दुसरं काही नव्हतं.

"हात लावलाय तुम्ही," मेहुणा म्हणाला. "आता चालवायलाच हवं."

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती, डोळे भरून भावाकडे बघत.

"बघा," ती म्हणाली, "लहानपणापासून अस्साच हसतो."