तुळशीबाईचा पत्ता

खांडबाऱ्यात आमच्या घराला अजून तुळशीबाईचं घर म्हणतात. त्या वारल्यावर पप्पांनी ते विकत घेतलं. तरी दूधवाले गोपाळदादा दारात येऊन सवयीने हाक मारतात, "तुळशीबाई, दूध!" आणि मग स्वतःच हसतात.

त्या संध्याकाळी रिषभभैयाने मला फक्त कॅमेऱ्यासमोर बसायला माडीवर बोलावलं होतं. तो इंजिनिअरिंगला आहे. स्वतः लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, त्याला कॉलेजात दाखवायचा होता. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. खोलीत ओल्या राखेचा वास होता.

"प्रोग्रामला जागेचा जो नंबर माहीत असतो, तो नुसता म्हणायचा," भैया सांगत होता. "मेमरीतली खरी जागा वेगळीच. कॅमेऱ्याला खरीच लागते. ती ड्रायव्हरने शोधून द्यायची."

"म्हणजे तुळशीबाईच्या घरासारखं?"

"शहाणी! पण मी घोळ केला. खरी जागा एकदाच शोधली आणि तीच धरून बसलो. सिस्टीमने मध्येच ती दुसऱ्याला दिली. कॅमेरा आपला अजून तिथेच चित्रं टाकतोय."

"मग तिथे आता जे राहतात...?"

"ते पुसले जातात."

लॅपटॉपच्या पडद्यावर माझं स्टूल दिसत होतं. मी दिसत नव्हते.

"हीना, नीट बस ना."

"भैया... मी बसलेच आहे."

तो वळला. त्याची नजर माझ्यावरून भिंतीवर गेली. "हीना? कुठे गेलीस?"

मी त्याची बाही ओढली. त्याला कळलं नाही. त्याच्या पाठीमागे पडदा वरून खाली, सावकाश भरत होता. पांढरे केस... कपाळावरचं गोंदण... मग उजवा गुडघा दाबणारा हात.

"बंद कर..." माझा आवाजच फुटला नाही.

मला शोधता शोधता भैयाचा पाय वायरीत अडकला आणि कॅमेरा बंद पडला.

"अगं, इथेच तर आहेस! केवढं घाबरवलंस!" तो हसला. त्याने ड्रायव्हर दुरुस्त केला. आता दरवेळी जागा नव्याने विचारली जात होती. पुन्हा लावलेल्या कॅमेऱ्यात मी स्पष्ट दिसले. वेण्या, चष्मा, सगळं.

खालून हाक आली, "दूध!"

एवढीच.

मी पातेलं घेऊन जिना उतरले. गोपाळदादांनी दूध ओतलं, मान वर केली. ते हसले नाहीत.

"गुडघा दुखी ऱ्हायना का अजून, तुळशीबाई?" त्यांनी हळूच विचारलं.

मी खाली पाहिलं. माझा हात उजव्या गुडघ्यावर होता.