धारवाडीच्या बारवेतला घोडेस्वार

"थांबा, थांबा! पुन्हा चेन पडली!" रंगनाथ ओरडला, आणि पिंगळीच्या रस्त्यावर अकराच्या अकरा सायकली कचकन थांबल्या.

"भूत नंतर बघू, आधी तुझी सायकल झपाटलीय का ते बघू!" प्रज्ञा म्हणाली. सगळे खो खो हसले.

पूर्णेच्या वाचनालयानं दिवाळीच्या सुट्टीत ही सायकल फेरी काढली होती. ग्रंथपाल बन्सीधर सर पुढे, मुलं मागे. बघायचं काय, तर आसपासच्या झपाटलेल्या जागा आणि त्यांचा खरा इतिहास! निजामाच्या काळातली पडकी चौकी बघून झाली होती. आता धारवाडीची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. म्हणे निजामाचा एक घोडेस्वार घोड्यासकट तिच्यात पडला, तो अजून कण्हतोय!

प्रज्ञाला मात्र वेगळीच घाई होती. तिची मालनमावशी धारवाडीच्या बौद्ध वस्तीत राहायची, आणि सगळी वस्ती त्याच बारवेचं पाणी प्यायची.

पोचल्यावर बघते तर काय, काठावर मुरमाचे हे मोठमोठे ढीग! शेजारी मावशी रिकामी घागर घेऊन उभी होती.

"उद्या सकाळी बारव बुजवायलेत गं," मावशी म्हणाली. "आठ दिवस झाले, भूत ओरडायलंय म्हणून. यंदा पाऊस न्हाई, वढा आटलाय. आमी पानी कुठून आणावं?"

प्रज्ञाला रडूच आलं. रडू आलं आणि रागही आला.

सरपंच माणिकराव ट्रॅक्टरला टेकून उभे होते. "परवा एक बाई भिऊन पायऱ्यांवरून पडली," ते म्हणाले. "उद्या कुणाचा जीव गेला तर? मी न्हाई जिम्मा घेणार!"

तेवढ्यात बारवेच्या पोटातून आवाज आला. "हूंऽऽ... घर्रऽऽ... हूंऽऽऽ!"

बाप रे! भर दुपारी सगळ्यांच्या अंगावर काटा आला. रंगनाथनं टुणकन उडी मारली, ती थेट सरांच्या कॅरिअरवर! माणिकरावही चार पावलं मागे सरकले.

प्रज्ञा जागची हलली नाही. घाबरली तीही होती, पण मावशीचा हात तिनं सोडला नव्हता. तिच्या कानावर दुसराच एक आवाज पडला. रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी घरघरायला लागली होती. थोड्या वेळानं गिरणी बंद पडली आणि त्याच क्षणी घोडेस्वारही गप्प!

"लाईट गेली वाटतं," मावशी म्हणाली.

"सर!" प्रज्ञा किंचाळलीच. "भुताला लाईट लागते का हो?"

सर आधी तिच्याकडे बघत राहिले, मग खांबावरच्या तारांकडे. "चला रे," ते म्हणाले, "तार कुठं जाते बघू. पण कुणी कशालाही हात लावायचा नाही!"

सगळे निघाले, मागोमाग मावशीही. तार बांध ओलांडून एका पडीक रानात गेली. तिथं एक विहीर होती. आतल्या कट्ट्यावर मोटर बसवलेली, पण पाइपच नव्हते! काठावरच्या स्टार्टरच्या बटनात लाकडाची चिपटी, म्हणजे छोटी पाचर, घट्ट ठोकलेली होती.

"हे तर आमचे मामापण करतात!" रंगनाथ म्हणाला. "लाईटचा नेम नाही ना, म्हणून चिपटी ठोकायची. लाईट आली की मोटर आपोआप सुरू!"

"आणि ते बघा!" प्रज्ञानं खाली बोट दाखवलं. विहिरीच्या भिंतीत एक काळं भोक होतं, बरोबर बारवेच्या दिशेला. "जुना बोगदा आहे. यंदा पाणी उतरलं म्हणून उघडा पडला."

बोलणं संपतंय तोच लाईट आली. कोरडी मोटर कण्हायला लागली आणि तो आवाज बोगद्यात शिरला!

"रान कुणाचं आहे?" सरांनी विचारलं.

मावशी हसू दाबत म्हणाली, "सरपंचाचंच की!"

प्रज्ञा धावतच माणिकरावांकडे गेली. "सरपंच, भूत घालवायला मुरूम नको. तुमच्या हातानं एक चिपटी काढा!"

आवाज ऐकून ओरडून सांगायला रंगनाथला बारवेवर उभं केलं. बिचारा लटलट कापत होता, पण उभा राहिला! माणिकरावांनी विहिरीवर येऊन चिपटी काढून मोटर बंद केली.

"गेलं!" रंगनाथची आरोळी आली.

चिपटी पुन्हा लावली.

"आलं, आलं!"

तीनदा तसंच झालं. आता वस्तीतली माणसंही जमली होती, पोट धरून हसत होती. माणिकरावांचा चेहरा पडला.

"पाइप दुरुस्तीला टाकले, अन् चिपटी काढायची राहूनच गेली की!" ते म्हणाले. "मग माझ्याच भुतासाठी मी ह्यांचं पाणी बुजवायला निघालो व्हतो?"

"हो!" प्रज्ञा ठणकावून म्हणाली.

"खरंय, पोरी. तू लय हुशार हायस. ह्यो सगळा मुरूम आता बारवेच्या वाटंवर टाकतो. सांडलेल्या पाण्याच्या चिखलात बायांचे पाय घसरायला नकोत."

"शाब्बास प्रज्ञा!" बन्सीधर सर म्हणाले. "धारवाडीचा इतिहास आता तूच लिहायचा. वाचनालयात लावू."

मावशी भरली घागर घेऊन वर आली. तिनं तांब्यानं सगळ्या मुलांना पाणी दिलं. शेवटी तांब्या तिच्या हातात तसाच राहिला, कारण समोर माणिकराव उभे होते. वस्तीचं पाणी ते आजवर कधी प्यायले नव्हते.

माणिकरावांनी क्षणभर बारवेकडे बघितलं. मग हात पुढे करून तांब्या घेतला आणि घटाघटा रिकामा केला.

"गोड हाय," ते म्हणाले. "अजून द्या, मालनबाई."