बांडगुळाणू

मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉ. इरावती नलवडे यांनी तोच अहवाल पुन्हा वाचला. खानावळ चालवणाऱ्या शेवंता खोत यांच्या रक्तात एचआयव्ही औषधालाही उरला नव्हता. एरवी इरावतीबाईंनी पेढे वाटले असते. पण शेवंताबाई तुलनेच्या गटात होत्या; त्यांना बांडगुळाणू या नव्या औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं. कुप्यांची अदलाबदल झाली असेल तर चाचणी रद्द आणि सगळ्या उमेदीच्या वर्षांची मेहनत मातीत.

त्यांचे सहकारी, विषाणुतज्ज्ञ सादिक मुजावर, मात्र शांत होते.

“आपला बांडगुळाणू जगतो कशावर?” त्यांनी विचारलं.

“एचआयव्हीवर. त्याचं कवच पळवून स्वतःची पिल्लावळ वाढवतो. एचआयव्ही संपला की हाही उपाशी मरतो.”

“मग तेच कवच पांघरून तो माणसातून माणसात कसा जाईल?”

इरावतीबाईंनी अहवाल खाली ठेवला. एचआयव्ही जातो तसाच जाईल. ज्या वाटांनी या रोगानं जग पालथं घातलं, त्याच वाटांनी औषध आपण होऊन चालत जाईल, दवाखाना नाही तिथेही. इतकी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती, याचं त्यांना हसू आलं आणि आनंदानं डोळेही भरले.

प्रत्येक कुपीतल्या कणांना वेगळी जनुकीय खूण होती. शेवंताबाईंच्या रक्तात रेंगाळलेल्या शेवटच्या कणांवरची खूण, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दिनकर हराळे यांच्या कुपीची निघाली. दोघांनीही आपल्याला जोडीदार कुणी नाही, असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

शेवंताबाईंना बोलावलं. दिनकररावांचं नाव न घेता इरावतीबाईंनी सगळं उलगडून सांगितलं आणि अडखळत विचारलं, कुणाशी संबंध आला होता का.

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. गोळ्या न्यायला यायच्या तेव्हा दवाखान्यातल्या बाकावर हराळ्यांशी ओळख झाली होती. पाडव्याला दोघांनी देवळात जाऊन लग्न उरकलं होतं. पोरांना सांगायची मात्र छाती झाली नव्हती. ह्या वयात, त्यात असला आजार, पोरं घराबाहेर काढतील म्हणून त्या भीत होत्या.

“म्हंजे मला ह्यांच्याकडनं औषध लागलं म्हणा की,” त्या म्हणाल्या.

“हो.”

शेवंताबाई पदर सारखा करून उठल्या.

“मग आज सांगतेच पोरास्नी. तुमच्या बापानं रोग दिला, तवा समद्यांनी मला त्याच्याजवळच ऱ्हा म्हणून सांगितलं. ह्यानं तर मला बरं केलंय.”