दोन मीटर पाणी

पैज लावा, तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही. कुलूपबंद विहिरीतून दोन मीटर पाणी नाहीसं झालं. मोटर सुरू झाली नाही, बादली हलली नाही, बाहेर चिखलाचा ठिपका नाही. संध्याकाळी पाणी कठड्यापासून चौदा मीटर खाली, सकाळी सोळा मीटर. मी सहसा थापा मारत नाही, आणि मारतो तेव्हा याहून बऱ्या मारतो.

गावाची एकच विहीर, आणि तिच्यावर बांधलेली एकच खोली. दार लोखंडी, खिडकी नाही, वर पत्रा. भूजल खात्याची तपासनीस आत शिरली आणि मागून दार लागलं. कुलपाचा खटका वाजला.

"अहो, हे काय?" तिनं दारावर थाप मारली.

"चोर कोण ते सांगा, मग उघडतो," बाहेरून एका गावकऱ्याचा आवाज आला. "किल्ल्या तिघांकडेच होत्या, त्या आता आमच्याकडे. तिघंही आतच आहेत. बारा वाजेपर्यंत नाव कळलं नाही, तर पाटकऱ्याची पाण्याची पाळी कायमची बंद!"

पाटकरी म्हणजे पाणी मोजणारा, वाटणारा म्हातारा. विहिरीच्या कठड्याशी बसला होता, डोकं हातात. पाळी गेली की त्याचं शेत गेलं. शेजारी पाणी समितीच्या अध्यक्षबाई पदरानं वारा घेत होत्या. मोटरवाला भिंतीला टेकून उभा. अकरा वाजले होते आणि पत्रा तव्यासारखा तापला होता.

तपासनीसबाईंनी आधी मोटरचं बटण पाहिलं. त्यावरचं लाखेचं सील शाबूत.

"सील कुणी लावलं?"

"मीच," पाटकरी म्हणाला. "पातळी चौदाला गेली की मोटर बंद, असा नियम. काल संध्याकाळी चौदा भरली, मी सील लावलं."

"मग रात्री सभा झाली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पिकं माना टाकताहेत हो. आम्ही हद्द सोळावर नेली. सकाळी सील तोडायचं ठरलं. आणि सकाळी हे म्हणतात, सोळा! सीलचा शिक्का यांच्याकडेच. तोडलं असेल, पाणी उपसलं असेल, पुन्हा लावलं असेल."

"उपसून कुठे ठेवलं, खिशात?" म्हातारा तडकला.

"भांडू नका, हवा कमी आहे," मोटरवाला म्हणाला.

"काका, मोजून दाखवा बरं," तपासनीसबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं खुंटीवरची पोलादी मोजपट्टी काढली. टोकाला शिशाचं वजन. टोकाकडची हातभर पट्टी त्यानं सवयीनं, न बघताच खडूनं पांढरी केली, गंज चढू नये म्हणून. मग डोळे मिटून ती खाली सोडली. वजन पाण्याला टेकल्याचा आवाज कानानं टिपला आणि कठड्याच्या खाचेशी आकडा वाचला.

"सोळा."

"टोकाकडे कधी बघता?"

"टोक कशाला बघायचं? आकडा तर वर असतो."

तपासनीसबाईंनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. मग विचारलं, "ही खोली केवढी आहे?"

"लांबी बरोब्बर सात मीटर," मोटरवाला झटकन म्हणाला. "फरशी मीच घातली."

बाईंनी मान खाली घालून फरशी पाहिली, आणि फरशीवरचे त्याचे पायही. चपलेचा तुटलेला पट्टा तांब्याच्या रिव्हेटनं नीट ठोकलेला.

"कारागीर दिसताय."

"मोटरीच्या पट्ट्याही मीच जोडतो. गावात दुसरं कोण आहे?"

बाईंनी बादली दोरासकट विहिरीत सोडली. खाली 'चुबुक' झालं. दोर ताणून धरला आणि कठड्यापाशी रुमाल बांधला. बादली वर घेतली. दोर फरशीवर पसरला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग उलट परत.

रुमाल बरोबर पहिल्या भिंतीला टेकला.

"दोन वेळा सात," बाई म्हणाल्या. "चौदा. पाणी कुठेच गेलेलं नाही."

अध्यक्षबाईंचा पदर थांबला. "मग पट्टी सोळा कशी म्हणते?"

बाईंनी पट्टीच्या टोकाचा खडू अंगठ्यानं पुसला. शिशाच्या वजनाला लागून पहिला आकडा होता दोन. शून्य आणि एक गायब. वजन पुन्हा जोडलं होतं ते कोऱ्या, लखलखीत तांब्याच्या रिव्हेटनं.

"पाणी चोरलं नाही, पट्टी चोरली. काकांनी नाही. त्यांना खोटं सांगायचं असतं तर वहीत सोळा लिहिणं पुरे होतं, पट्टी कशाला कापतील? तुम्हीही नाही, अध्यक्षबाई. हद्द वाढवून पाणी काढायचं होतं तुम्हाला, अडवायचं नव्हतं. उरलं कोण? ज्याच्याकडे किल्ली होती, आणि रिव्हेट ठोकायचा हातही."

मोटरवाल्यानं चप्पल मागे ओढली. आता काय ओढतोस!

"सभेत मी ओरडून सांगितलं," तो हळूच म्हणाला. "चौदाच्या खाली आहे ते पिण्याचं. पावसाला दोन महिने आहेत. तर म्हणाले, तू मोटर चालव, अक्कल चालवू नकोस. म्हटलं, पट्टीचं तरी ऐकतील."

"आणि काका चोर ठरताना?"

"पाणी आटलं म्हणतील वाटलं. चोरीला गेलं म्हणतील, हे डोक्यातच आलं नाही. मग तोंडच उघडेना."

म्हातारा उठला. "तीस वर्षं मी खरा आकडा लिहिला रे. आज पहिल्यांदा खोटा लिहिला, तो तुझ्यामुळे." आणि त्यानं पाठ फिरवली.

तपासनीसबाईंनी दार ठोठावलं. कुलूप निघालं. त्यांनी गावाला कापलेली पट्टी दाखवली, काकांची पाळी तिथल्या तिथे वाचवली, आणि खात्याचा हुकूम काढला: हद्द चौदाच, सील राहील. गाव चिडलं, पण पाऊस येईपर्यंत प्यायला पाणी पुरलं.

आणि तो मोटरवाला? त्याच दुपारी बिचारा तोंड काळं करून गावातून निघून गेला. पुन्हा कुणाच्या नजरेस म्हणून पडला नाही.

"साफ खोटं!" आमच्या स्वयंपाकघरातून आवाज आला. "गेला कुठला! महिनाभर काकांच्या शेतात राबत होता माफीसाठी. मीच बघायला जायचे. आणि नजरेस पडत नाही म्हणे! चाळीस वर्षं संसार करतेय मी त्याच्याशी. उठा आता, तपासनीसबाईंनी स्वतः केलेला चहा निवतोय."