तोंड दाबलेला कंप्यूटर

“चालू कर, न्हाईतर नको करू. पण त्याचं तोंड दाबू नको, पोरी.”

शेजारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गुरम्मांनी हे सांगितलं तेव्हा पंचशीला हसली होती.

आता हसत नाही.

ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. पंचशीला माझी मावसबहीण आहे. ते घर मी पाहिलंय, तो कंप्यूटर मी हात लावून पाहिलाय. उदगीर, स्टेशनाच्या मागची गल्ली. यंदाच्या भीमजयंतीचा दुसरा दिवस, पंधरा एप्रिल. आणि रात्र नाही हो… भर दुपार.

पंचशीला नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. प्रिया झाली आणि नोकरी सुटली. पोर दोन वर्षांची, नवरा विनोद दिवसभर बाहेर. अशात तिला माळ्यावर एक सागवानी खोका सापडला.

आत कंप्यूटर होता. घरी बनवलेला.

घराचे जुने मालक राजशेखर सर शाळेत गणित शिकवायचे. सत्त्याऐंशी साली त्यांनी तो स्वतः जोडला होता. पडदा म्हणून घरचाच टीव्ही. प्रोग्रॅम कॅसेटवर. टेप लावायची, चार मिनिटं किरकिर ऐकायची, मग तो कामाला लागायचा. वीज गेली की सगळं विसरायचा. झाकणाच्या आत हातानं काढलेलं सर्किट चिकटवलेलं. मराठी अक्षरंसुद्धा सरांनी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून भरून बनवलेली.

आणि एक लांब वायर. टोकाला घंटीचं पांढरं बटन.

ते बटन सरांच्या बायकोसाठी होतं. सिद्धम्मा. लकव्यानं त्यांचं अंगही गेलं, वाचाही गेली. उरला एक अंगठा. एकदा दाबलं की ‘टुंग’ वाजायचं आणि टीव्हीवर यायचं, ‘पाणी’. दोनदा दाबलं की ‘कूस बदला’. तीनदा दाबलं की… ‘ये’.

आवाज कमी करायची सोय सरांनी ठेवलीच नव्हती.

“मास्तर एक दिवस पेपर तपासत बसला होता,” गुरम्मांनी सांगितलं. “सारखं टुंग टुंग. वैतागला अन् स्पीकरात फडकं कोंबलं. संध्याकाळी उठून बघतो तर बाई गेलेली. अंगठा बटनावरच.”

त्यानंतर सरांनी सर्किटवर स्पीकरजवळ लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हा बंद करू नये.’

पंचशीलानं ते वाचलं. आणि कामाला लागली.

फुगलेले कपॅसिटर काढले, नांदेडहून नवे मागवले. टेपचा पट्टा वितळून डांबर झाला होता, तो बदलला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “लेकराच्या आईनं तारा जोडत बसावं का?” ती म्हणाली, “लेकराच्या आईलाच येतं ते, मामी.” विनोद रोज घरी आला की कंप्यूटरकडे बघून विचारायचा, “आज आजोबांची तब्येत कशी हाय?”

बाराव्या दिवशी आजोबा बोलले. टुंग. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचं ‘पाणी’.

पण त्या आवाजानं प्रिया झोपेतून दचकून उठली. तासभर रडली.

मग पंचशीलानं कटर घेतला… आणि स्पीकरची वायर कापली. बटन सोडवून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. कॅसेट लातूरला एका ओळखीच्याकडे कॉपी करायला पाठवून दिली.

थोडक्यात, त्या यंत्रात काहीच उरलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

पंधरा तारखेला विनोद जयंतीच्या पाहुण्यांना धर्माबादला सोडायला गेला. प्रिया झोपली. पंचशीला कपड्यांच्या घड्या घालत होती.

तीन वाजले.

टुंग.

तिला वाटलं, बाहेर सायकल असेल.

मिनिटभरानं पुन्हा एकच टुंग…

ती उठली. कंप्यूटरचा प्लग जमिनीवर पडलेला. टीव्ही बंद. आणि त्या बंद काचेवर पांढरे ठिपके…

‘पाणी’.

तिनं प्रियाला उचलून छातीशी धरलं. दार तीन पावलांवर होतं. कुणीही पळालं असतं.

ती पळाली नाही.

“ए!” ती ओरडली. “माझ्या घरात, माझ्या लेकरासमोर हे असलं चालणार नाही! काय पाहिजे ते नीट सांग!”

टुंग. टुंग. टुंग.

‘ये’.

“कुठं येऊ?”

काहीच नाही. ठिपके विझले. घर गप्प झालं.

आणि त्या शांततेत तिला कळलं की आज अजून एक आवाज नाहीये…

गुरम्मांना दात नाहीत. रोज तीनला त्या खलबत्त्यात पान कुटतात. भिंत एकच, त्यामुळे ठकठक इकडे ऐकू येते. आज आली नव्हती.

सकाळपासूनच त्यांचा आवाज नव्हता.

त्यांच्या दाराला आतून कडी. पंचशीला पोरीला कडेवर घेऊन गच्चीवर गेली, मधली भिंत ओलांडली, जिन्यानं खाली उतरली.

गुरम्मा न्हाणीत पडल्या होत्या. खुबा मोडलेला. ओठ वाळून पांढरे. पण श्वास होता.

“पाणी,” त्या म्हणाल्या.

तिनं चमच्यानं ओठ ओले केले. ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

“तू कशी आलीस गं?” गुरम्मा पुटपुटल्या. “मी हाक न्हाई मारली. आवाजच फुटत नव्हता.”

त्यांच्या उजव्या हाताची मूठ घट्ट होती. पंचशीलानं एकेक बोट सोडवलं…

आत घंटीचं पांढरं बटन.

घरी येऊन तिनं बिस्किटाचा डबा उघडला. रिकामा.

विनोद म्हणाला, “जाऊ दे, विष्णुपुरीच्या धरणात टाकून येतो.”

“हात लावून तर बघा,” ती म्हणाली. “एका बाईचं तोंड एकदा सरांनी दाबलं, आणि दुसऱ्यांदा मी दाबलं. तिसऱ्यांदा नाही.”

त्याच संध्याकाळी तिनं स्पीकरची वायर परत सोल्डर केली. लाल अक्षरांखाली आपली सही केली.

गुरम्मा आता वॉकर घेऊन चालतात. ‘माझ्या हातात ते कुणी दिलं’ असं विचारलं की तोंड फिरवतात.

इथंच संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. मलाही लहान लेकरू आहे, मला कुणाला घाबरवायची हौस नाही.

पण काल रात्री पंचशीलाचा फोन आला. दुपारी गुरम्मा तिच्यासमोरच बसून चहा पीत होत्या, प्रिया त्यांच्या मांडीवर. प्लग जमिनीवर.

टुंग. टुंग. टुंग.

‘ये’.

तिनं गल्लीतलं घर न् घर पालथं घातलं. एकेक दार वाजवलं. सगळे सुखरूप.

कंप्यूटर रात्रीपर्यंत वाजत राहिला.

“आमच्या गल्लीतलं कुणी नाही,” ती म्हणाली. “दुसरीकडचं कुणीतरी आहे. तू लिही. लोकांना सांग.”

म्हणून लिहिलं. तुमच्या भिंतीपलीकडे कुणी एकटं राहतं का? त्यांचा रोजचा आवाज आज आला का?

फोन नका करू. उठा… आणि दार वाजवून बघा.