लाल चिंध्यांच्या खुंट्या

धाकट्याने खुंट्यांची मोळी स्वयंपाकघराच्या दारात आदळली आणि नेहमीप्रमाणे ताईकडे न बघता तो बायकोला म्हणाला, "तिला सांग, वाटणी हवी असेल तर तोंडाने मागायची. परस्पर हद्द आखायची नाही. सगळ्या उपटल्यात."

एवढं बोलून तो तरातरा निघून गेला. ताई त्या खुंट्यांकडे बघतच राहिली... तिच्याच जुन्या साडीच्या लाल चिंध्या, तिनेच एकेक गाठ मारून बांधलेल्या! ती हद्द नव्हतीच.

वाळू-खडीची खाण आता बंद झाली होती. खड्डे बुजवायचे, कडे तासून उतार करायचे, बाजूला रचून ठेवलेली वरची माती पुन्हा पसरायची आणि आईचं शेत पुन्हा शेत करायचं, या ध्यासाने धाकटा रस्त्याच्या कामावरचा बुलडोझर घेऊन घरी परतला होता. ते शेत खाणीला ताईनेच भाड्याने दिलं होतं. तेव्हा धाकटा इस्पितळात मरणाच्या दारात पडला होता आणि खर्चाला दुसरा कुठलाच मार्ग उरला नव्हता. पण उपकाराचं ओझं त्याच्या उरावर नको म्हणून तिने ते कधी सांगितलं नाही. हिने पैशासाठी आईची जमीन खाणीच्या घशात घातली, असं म्हणत त्याने अबोला धरला, तो आजतागायत.

वाळू धुतल्यावर उरणारा गाळ खाणवाले शेताच्या एका कोपऱ्यात सोडत. वरून तो वाळून टणक झाला होता, त्यावर छान हिरवं गवतही आलं होतं. खाली मात्र अजून नुसता लगदा होता, माणसाला सहज गिळणारा. ताईने बांबू खुपसत खुपसत त्याचा काठ शोधला आणि खुंट्या ठोकल्या. खाणीवर लाल चिंधी म्हणजे धोका. धाकटा होता त्या रस्त्याच्या कामावर तीच चिंधी जमिनीची हद्द दाखवते, हे तिच्या गावीही नव्हतं.

बाहेर बुलडोझर धडधडू लागला.

"अगं, तिथं खाली जमीन नाहीये," ती भावजयीला कसंबसं म्हणाली. "फळ्या घेऊन ये, दोर घेऊन ये..." आणि अनवाणीच धावत सुटली.

तिने हाका मारल्या, हात हलवले. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाईना. धाकट्याने तिला पाहिलं, भांडायला आली असं समजून मान फिरवली आणि मशीन गवताकडे वळवलं. आता त्याला अडवायचा एकच मार्ग होता. आपल्याला पाहून तो थांबेल, एवढा काही त्याचा राग नाही... की असेल? ती भयाने थिजली. तरीही तिने गवतावर पाऊल टाकलं.

पायांखालची जमीन खाटेच्या सैल नवारीसारखी डुलली. चार पावलांत ती गुडघ्यापर्यंत गेली, मग कमरेपर्यंत. गार गाळ बरगड्यांना भिडला आणि श्वास आखडला. बुलडोझर अगदी काठाशी येऊन थांबला. धाकटा उडी मारून धावला.

"पुढे येऊ नकोस!" ती ओरडली. "बाळा, तुला माझी शपथ आहे!"

भावजयीने आणलेल्या फळ्यांवर तो पालथा पडून सरकत गेला. दोर तिच्या काखेतून घातला आणि नवराबायकोने तिला इंचाइंचाने बाहेर ओढलं. काठावर आल्यावर तो आपल्या सदऱ्याने तिचे पाय पुसू लागला.

"सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"कुणाला सांगू? तू बोलत होतास का माझ्याशी?"

तो तिच्या चिखलाने माखलेल्या गुडघ्यांवर डोकं टेकून मूकपणे रडत राहिला.

उन्हं कलताना तो घरी जाऊन खुंट्यांची मोळी घेऊन आला. एकेक खुंटी ताईने धरली आणि त्याने ठोकली. सकाळी उपटलेल्या खुंट्यांची भोकं जमिनीत स्वच्छ दिसत होती. तरीही प्रत्येक भोकाशी थांबून तो विचारत होता, "इथंच ना, ताई?"